मेथीत दुधाच्या दुप्पट कॅल्शियम, मग दूध बंद करायचं का?

कोथरूडची_आई
महिनाभर घरात एकच वाद चालू आहे. लेकीने (वय 22) दूध, दही, तूप सगळं सोडलंय. गाईम्हशींचे हाल बघवत नाहीत म्हणते. ते मला कळतं, त्यावर वाद नाही. वाद आहे तो फ्रिजवर चिकटवलेल्या कागदाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यातले आकडे आहेत, दर 100 ग्रॅमला कॅल्शियम: गाईचं दूध 118 मिलिग्रॅम, मेथी 274, शेवग्याचा पाला 314. "आई, दुधाची गरजच काय?" सासूबाई म्हणतात, पाला खाऊन भागलं असतं तर शेळीला दूध कशाला आलं असतं. यावर लेक हसते आणि मला दोघींना उत्तर देता येत नाही. माझा कल दुधाकडे आहे, पण कारण सांगता येईना. जाणकारांनी सांगा.

रानभाजीवाली
लेक बरोबर आहे. आपल्याकडे दुधाला देवाच्या जागी बसवलंय आणि भाजीला ताटाच्या कडेला. दुधात लोह जवळजवळ नाहीच. बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते, लिटरभर दुधातून त्यातलं दोन मिलिग्रॅमही मिळत नाही. शिवाय फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व), क जीवनसत्त्व, चोथा, यातलं दुधात किती आहे? देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आहे (2019-21 चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण). त्यांना 'रोज कपभर दूध घ्या' सांगून काय होणार?
मी सिंधुदुर्गातली. आमच्याकडे गोकुळाष्टमीला, म्हणजे दहीदुधाच्या देवाच्या सणाला, शेगलाची भाजी करतात. शेगूल म्हणजे तुमचा शेवगा. जुन्या बायकांना काय खायचं ते तक्त्याशिवाय कळत होतं.

आकडेमोड्या
आकडे खरे आहेत, वाचायची पद्धत चुकली. तक्ता भाजीत किती आहे ते सांगतो, अंगात किती उतरतं ते नाही.
दुधातलं साधारण 30 टक्के कॅल्शियम शोषलं जातं. पालकात ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य इतकं असतं की ते कॅल्शियमला धरून बसतं आणि जेमतेम 5 टक्के सुटतं. आता 200 मिली दूध घ्या: 240 मिलिग्रॅम, त्यातलं 70 च्या वर मिळालं. 100 ग्रॅम पालक: 82 मिलिग्रॅम, मिळालं 4. एका कपाची बरोबरी करायला पावणेदोन किलो पालक खावा लागेल. राजगिरा, माठ, चुका, अळू यांचीही हीच गत. अळूने घसा खवखवतो तो या ऑक्झॅलेटच्याच सुयांनी, म्हणून तर त्यात चिंच घालतात.
दुसरं म्हणजे, 100 ग्रॅम मेथी कोण खातं? एक जुडी निवडली की शेदीडशे ग्रॅम पाला, शिजला की मूठभर, आणि तो चौघांत.

रानभाजीवाली
पालक पुढे करून सगळ्या भाज्यांना फासावर चढवताय. मी पालकाचं नाव तरी घेतलं का? मेथीत ऑक्झॅलेट अगदी थोडं, शेवग्यातही पालकापेक्षा बरंच कमी. परदेशात केल नावाच्या भाजीवर मोजमाप झालंय, त्यातलं कॅल्शियम दुधापेक्षाही जास्त शोषलं गेलं. ती कोबीच्या घराण्यातली, मोहरीचा पालाही त्याच घराण्यातला. 'पालेभाजी' हा एक पदार्थ नाही हो. पालक आणि मेथीत जेवढा फरक आहे तेवढा गाय आणि म्हशीतसुद्धा नाही.
मूठभर खाता ही तुमची चूक, मेथीची नाही.

आकडेमोड्या
हे मान्य. पालकावर जरा जास्तच बसलो. मूठभराचा मुद्दा मात्र सोडत नाही. ताटात जे पडतं त्याचाच हिशोब करायचा.

गोठेवाला_संगमनेर
ताई, आमच्या गोठ्यात चार गाया. त्या दिवसभर काय खातात? मका, लसूणघास, हत्तीगवत. म्हणजे दूध काय आहे, तर गाईने आपल्यासाठी चावून, रवंथ करून दिलेली पालेभाजीच. माणसाला चार पोटं नाहीत, ते काम ती करते. म्हशीचं दूध पांढरं का आणि गाईचं पिवळसर का? गवतातलं कॅरोटीन म्हैस पुरतं अ जीवनसत्त्वात बदलून देते, गाय थोडं तसंच सोडते. तुम्ही पाला खाल्ला तर ते बदलायचं काम तुमच्या शरीराला करावं लागतं, आणि त्यालाही तेलतूप लागतंच. नुसती उकडलेली भाजी खाऊन काय फायदा?
आणि दुधाला गोठ्यात भाव काय मिळतो ते शहरात कुणी विचारत नाही, 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं तर लागलं. असो, तो वेगळा धागा.

रानभाजीवाली
दादा, वाक्य झकास आहे, पण रवंथ करताना गाईने लोह कुठे ठेवलं? आणि खरं सांगा, डेअरीला घालून घरात किती उरतं? माझ्या माहेरी तर चहापुरतं. पोरांच्या ताटात जे हिरवं पडतं तेच त्यांचं पोषण.

गोठेवाला_संगमनेर
चहापुरतंच उरतं. खोटं कशाला बोलू.

चष्मिष्ट
दोन्ही बाजूंना दुखेल असं एक सांगते. माझा मुलगा दीड वर्षाचा असताना भाजी-वरण बघून तोंड फिरवायचा, म्हणून दिवसाला लिटरभर दूध पाजत होते. गुटगुटीत दिसायचा, सगळे कौतुक करायचे. हिमोग्लोबिन तपासलं तर 7.8. डॉक्टर म्हणाल्या, पोट दुधानेच भरतंय, त्यात लोह नाही आणि भूक उरत नाही म्हणून दुसरं काही पोटात जात नाही. दूध 400 मिलीवर आणलं, लोहाचं औषध सुरू केलं, चार महिन्यांत गाडी रुळावर आली. तेव्हापासून 'पूर्णान्न' हा शब्द ऐकला की मला घाम फुटतो.
पण आई, तुमची लेक 22 ची आहे, दीड वर्षाची नाही. तिची खरी अडचण कॅल्शियम नाहीच. बी 12 आहे. ते कुठल्याही पाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यातूनच मिळतं आणि तेही बेताचंच. यकृतात साठा असतो म्हणून दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही, मग हातापायाला मुंग्या. दूध सोडायचं असेल तर बी 12 ची गोळी हवीच, यात तत्त्वाचा प्रश्न नाही.

आकडेमोड्या
हा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. आणि कॅल्शियम हवं असेल तर पाल्याच्याच मागे का लागायचं? नाचणीत 100 ग्रॅमला 350 च्या आसपास आहे. तिळात तर कितीतरी, पण तीळ खाणार चमचाभर, म्हणजे पुन्हा माझा तो जुडीचाच हिशोब.

ताकपिठं
अहो, हा वाद आपल्या स्वयंपाकघरात कधीच मिटलाय. ताकातला पालक! आंबट ताक, डाळीचं पीठ, भिजवलेली चणाडाळ, शेंगदाणे, वरून लसणाची फोडणी. ताकातलं कॅल्शियम पालकातलं ऑक्झॅलेट पोटातच धरतं, त्यामुळे ते रक्तात कमी जातं. मुतखड्याची भीती असणाऱ्यांना हे फायद्याचं आहे. ज्यांना दूध पचत नाही, गुबारा धरतो, त्यांनाही ताक चालतं.

रानभाजीवाली
आणि लोह? कॅल्शियम लोहाला अडवतं. लोहासाठी खायचा असेल तर ताक नको, वर लिंबू पिळा, आणि जेवल्याबरोबर चहा ढोसू नका. पण मुतखड्याचं म्हणाल तर ताकपिठं बरोबर आहेत. एका भाजीकडून सगळंच मागू नये.

निवृत्त_मास्तर
रक्त पातळ व्हायची वॉरफेरिनसारखी गोळी चालू असणाऱ्यांनी हा धागा वाचून एकदम पालेभाजीवर ताव मारू नये. त्यातल्या के जीवनसत्त्वाने गोळीचं गणित बिघडतं. रोज खा, पण तेवढीच खा, आणि डॉक्टरांना सांगून खा. मला हे उशिरा कळलं.

कोथरूडची_आई
सगळ्यांचे आभार. चष्मिष्टताईंचं उत्तर लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. बी 12 ला ती गप्प झाली, उद्या रक्त तपासायला जातोय. पालकाचं 5 टक्के ऐकल्यावर कागदावर तिनेच पेनाने लिहिलं, 'पालक सोडून'. म्हणजे माघार नाहीच, फक्त दुरुस्ती. सासूबाईंना गोठेवालादादांचं वाक्य इतकं आवडलं की सकाळपासून तीनदा ऐकवून झालं. माझं म्हणाल तर माझा रात्रीचा कपभर दुधाचा नेम मोडणार नाही, पण माझंच हिमोग्लोबिन 10 आहे हे या गडबडीत आठवलं.
एक विचारायचं राहिलं. मंडईत शेवग्याच्या शेंगा ढिगाने दिसतात, पाला कुणीच विकत नाही. मिळतो कुठे?

रानभाजीवाली
विकत कशाला घेताय? शेजारच्या एखाद्या सोसायटीत झाड असेलच. वॉचमनला विचारा, भाजीला तोच तोडून नेत असेल.