डॉक्युमेंटेशनमधील उदाहरणे चालवून पाहायची की नाही?

आडवाट: काल इथे एका सदस्याने लिहिले की लायब्ररीच्या (इतरांनी वापरायच्या तयार कोडच्या) डॉक्युमेंटेशनमधील कोडची उदाहरणे केवळ कल्पना यावी म्हणून असतात आणि ती जशीच्या तशी चाललीच पाहिजेत हा हट्ट आहे. हे मला अजिबात पटलेले नाही. वाचक वर्णन चाळतो आणि उदाहरण उचलतो. मग जो भाग लोकांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसतो, तोच न तपासता कसा सोडायचा? पायथनमधील पांडाज या डेटा हाताळणाऱ्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीतून २०२३ साली डेटाफ्रेमला (तक्त्याला) ओळी जोडणारी अपेंड मेथड काढून टाकली गेली, तरी ती वापरणारी जुनी उदाहरणे लोक आजही उतरवून घेतात. पायथनमध्ये अशी उदाहरणे चालवून तपासणारे डॉकटेस्ट २००१ पासून आहे, आणि रस्ट या भाषेत तर कार्गो टेस्ट ही आज्ञा चालवली की डॉक-कॉमेंटमधील (कोडमध्येच लिहिलेल्या डॉक्युमेंटेशनमधील) उदाहरणेही आपोआप तपासली जातात. साधन नव्हते, असे कोणीच म्हणू शकत नाही.

फावलावेळ: मी एक लहान लायब्ररी एकट्याने सांभाळतो. डॉकटेस्ट छापलेले उत्तर अक्षरशः जुळवून पाहते. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत, जिथे नुसते ३.० छापले जात होते तिथे प्रकाराचे नावही छापले जाऊ लागले आणि माझी बरोबर असलेली उदाहरणे नापास झाली. माझे दोन रविवार त्यात गेले. उदाहरणे चाललीच पाहिजेत असा हक्क सांगणाऱ्यांपैकी एकही जण मदतीला आला नाही.

रात्रपाळी: उदाहरण चालते म्हणजे ते चांगले आहे, असे नाही. आमच्याकडे एका नवख्या सहकाऱ्याने रस्टच्या एका लायब्ररीतले उदाहरण अनरॅपसकट (चूक आली की प्रोग्रॅम तिथेच थांबवणाऱ्या मेथडसकट) उतरवले. कॉन्फिगची फाइल सापडली नाही आणि रात्री दोन वाजता सर्व्हिस पॅनिक होऊन थांबली. उदाहरणांत अनरॅप नको, चूक बोलावणाऱ्या फंक्शनकडे परत पाठवणारे प्रश्नचिन्ह (?) वापरा, असे रस्टच्या एपीआय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले आहे.

फळा-खडू: मी शिकवते. प्रश्नचिन्ह वापरायचे, तर भोवती रिझल्ट (उत्तर किंवा चूक) परत करणारे फंक्शन लिहावे लागते. तीन ओळींचे उदाहरण आठ ओळींचे होते आणि मूळ मुद्दा विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटतो. तुमच्या सहकाऱ्याचा कोड कोणी तपासला नव्हता, हा दोष उदाहरणाचा कसा?

रात्रपाळी: तपासणारा मीच होतो, आणि अधिकृत पानावरचा कोड म्हणून मी तो पुढे जाऊ दिला. म्हणूनच एवढे पोटतिडकीने सांगतो आहे. भोवतालच्या ओळी सुरुवातीला हॅश (#) लावून वाचकापासून लपवता येतात; तपासणीत त्या धरल्या जातात.

फळा-खडू: मग कंपायलरला पूर्ण उदाहरण मिळते आणि विद्यार्थ्याच्या हाती अर्धवट. तो उतरवून घेतो, ते कंपाइल होत नाही, आणि चूक आपलीच असे समजून तो तासभर अडकून बसतो. याला तुम्ही अचूकता म्हणणार असाल, तर आपले जमायचे नाही.

आडवाट: लपवलेल्या ओळींबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य करावे लागेल. टेस्ट पास होणे आणि वाचकाकडे पूर्ण उदाहरण पोहोचणे यांत मी फरक केला नव्हता. फावलावेळ, छापील उत्तर जुळवण्याऐवजी असर्टने (किंमत अपेक्षेप्रमाणे नसेल तर चूक देणाऱ्या विधानाने) किंमत तपासली, तर छपाई बदलली तरी उदाहरण नापास होणार नाही.

फावलावेळ: असर्टने उदाहरण टेस्टसारखे दिसते आणि उत्तर वाचकाला समोर दिसत नाही, हा माझा आक्षेप कायम आहे. तरी पहिल्या पानावरच्या चार उदाहरणांपुरते करीन. उरलेल्यांसाठी कोणी पॅच (कोडमधला तयार बदल) पाठवला, तर तपासून घेईन.