मदत हवी आहे: ३०० बिटांचा मोडेम विरुद्ध घरचं फायबर, हिशोब कुठे चुकतोय?

नमस्कार मंडळी,

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिच्या तक्त्याचा विषय: मोबाइलवर काढलेला ५ एमबीचा फोटो १९६२ सालच्या मोडेमवरून (टेलिफोनच्या तारेवरून कॉम्प्युटरची माहिती पाठवणारं यंत्र) पाठवला असता तर किती वेळ लागला असता, आणि आज घरच्या १०० एमबीपीएस फायबरवर किती लागतो. मोडेम घेतलाय एटी अँड टीचा बेल १०३, सेकंदाला ३०० बिट म्हणजे ३०० बॉडवाला.

फायबरचं उत्तर दोघांचं एकच. ५ एमबी म्हणजे ५० लाख बाइट, एका बाइटचे ८ बिट, म्हणून ४ कोटी बिट; १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १० कोटी बिट. ४ कोटी भागिले १० कोटी, ०.४ सेकंद. गाडी अडलीय मोडेमपाशी. ती ४ कोटीला ३०० ने भागून म्हणते ३७ तास. मला कुणीतरी केव्हातरी शिकवलं होतं, 'मोडेमच्या वेगातलं शेवटचं शून्य उडव, बाइट मिळतात'. म्हणजे सेकंदाला ३० बाइट, आणि उत्तर ४६ तास १८ मिनिटं. सव्वानऊ तासांचा फरक! त्यात दाजींनी फाइलचा आकार कॉम्प्युटरवर बघितला आणि माझ्याच रीतीने साडेअठ्ठेचाळीस तास काढून दिले. पोरगी आता तिघांकडेही संशयाने बघतेय.

शिवाय 'फायबर किती पट वेगवान' या चौकटीत ३,३३,३३३ लिहायचं की ४,१६,६६७?

प्रतिसाद १

तिघांचाही भागाकार बरोबर आहे, प्रश्न वेगवेगळे सोडवलेत.

तारेवरून सेकंदाला ३०० बिट जातात हे खरं, पण ते सगळे फोटोचे नसतात. या मोडेमला दोन्ही टोकांची घड्याळं जुळलेली नसतात. त्यामुळे दर अक्षराआधी 'आता सुरू' सांगणारा एक स्टार्ट बिट आणि शेवटी एक स्टॉप बिट. अक्षराच्या म्हणजे एका बाइटच्या आठ बिटांचे झाले दहा. म्हणून शून्य उडवायचं. तुमचे ४६ तास खऱ्या वाटचालीचे, भाचीचे ३७ तास नुसत्या मालाचे. ११० बॉडच्या टेलिटाइपला (तारेवरून चालणारं टंकयंत्र) तर दोन स्टॉप बिट असत, अक्षराला ११ बिट, म्हणून सेकंदाला बरोबर १० अक्षरं.

दाजींचा घोळ १०२४ चा. त्यांच्या कॉम्प्युटरने एमबी म्हणजे १०,४८,५७६ बाइट धरले. वेगाच्या आकड्यांत मात्र किलो म्हणजे हजार आणि मेगा म्हणजे दहा लाखच. तक्त्यावर '५ एमबी' न लिहिता '५० लाख बाइट' लिहा, भांडण मिटेल.

आणि शून्याची रीत पुढच्या सगळ्या मोडेमना लावू नका. व्ही.४२ हे चुका दुरुस्त करणारं मानक आल्यावर मोडेम आपापसात स्टार्ट-स्टॉप गाळून बिट सलग पाठवू लागले. तिथे ८ नेच भागायचं.

प्रतिसाद २

बॉड आणि बिट एकच नव्हेत हो! बॉड म्हणजे सेकंदाला तारेवरचा संकेत किती वेळा बदलतो ते. बेल १०३ मध्ये एका दिशेला १०७० आणि १२७० हर्ट्झ असे दोनच सूर, एका सुराला एक बिट, म्हणून दोन्ही आकडे ३००. पण सेकंदाला २४०० बिटांचा, व्ही.२२ बिस या मानकाचा मोडेम ६०० बॉडचाच असतो, दर बदलागणिक ४ बिट. त्याला सर्रास '२४०० बॉड' म्हणत, ते चूक. तक्त्यावर बॉड हा शब्दच नको.

प्रतिसाद ३

मोडेमला वरखर्च लावलात, मग फायबरला का सूट?

राउटरचा १०० एमबीपीएसचा इथरनेट पोर्ट धरा. तारेवरून माहिती पुड्या (फ्रेम) बांधून जाते; प्रत्येक पुडी, मधल्या मोकळ्या जागेसकट, १५३८ बाइटची. त्यात फोटोचे जास्तीत जास्त १४६०. म्हणजे हाती येतात साधारण ९५ एमबीपीएस. फोटोला ०.४ नाही, ०.४२ सेकंद. आता गुणोत्तर येतं सुमारे ३ लाख ९५ हजार. ४,१६,६६७ मध्ये एका बाजूचा वरखर्च धरलाय आणि दुसऱ्या बाजूचा सोडलाय, तो आकडा कुठेच लिहू नका. ३,३३,३३३ चालेल, पण शेजारी 'तारेवरचे बिट' असं लिहा.

बरं, तुमच्याकडे जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटून देणारी पद्धत) असेल तर काचेतला उजेड १०० ने नाहीच धावत. तो २.४८८३२ जीबीपीएसने लुकलुकतो, तोच उजेड स्प्लिटरवरून (उजेड वाटून देणारा भाग) ३२-३२ घरांत जातो आणि तुमचं यंत्र त्यातलं आपलं तेवढं उचलतं. तो वेग धरलात तर ८२,९४,४०० पट, पूर्ण भाग जातो. पण तो तुमच्या एकट्याचा नव्हे.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. दोन ओळी करतोय: तारेवरचे बिट ३,३३,३३३ पट, हातात पडलेला फोटो सुमारे ३.९५ लाख पट. दाजींना १०२४ चं सांगितलं, त्यांना पटलेलं नाही.

भाचीने आपल्या मनाने तिसरी ओळ घातलीय. आजच्या यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याची पद्धत) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. 'नमस्कार'मध्ये हलन्त आणि काना धरून ७ चिन्हं, २१ बाइट. सेकंदाला ३० बाइट, म्हणजे त्या मोडेमवर एक नमस्कार पोचायला ०.७ सेकंद. १९६२ मध्ये यूटीएफ-८ नव्हतं हे मी बोलून बघितलं. ती म्हणाली, मोबाइलचा फोटो तरी कुठे होता?