वर्सोव्याच्या निळ्या लाटा: हे पाणी धोक्याचे आहे का, आणि त्यावरून समुद्राबद्दल काय समजावे?

सातबंगला_रहिवासी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही वर्सोव्याला सात बंगल्यांजवळ राहतो. गेल्या आठवड्यात, अमावास्येला दोन दिवस उरले असताना, रात्री साडेनऊच्या सुमारास मी माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन किनाऱ्यावर गेले होते. भरती बरीच चढली होती. लाट फुटली की तिच्या माथ्यावरून एक फिकट उजेडाची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावत जायची आणि लगेच विझायची. मुलीने ओल्या वाळूवर पाय आपटला, तर तिच्या पावलाभोवती ठिणग्या उठल्या. आम्ही दोघी तासभर तिथेच उभ्या होतो. मुंबईत राहून असे काही पाहायला मिळेल, असे मला कधी वाटले नव्हते.

घरी येऊन सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर लिहिले, तर एकाने हे कारखान्यांनी सोडलेले रसायन असल्याचे सांगितले, दुसऱ्याने अशा पाण्याने त्वचा खराब होते असे कळवले, आणि तिसऱ्याने जागतिक तापमानवाढीचा इशारा म्हणून एक चित्रफीत पाठवली. मुलीच्या पायाला आधीच खरचटलेले होते, त्यामुळे मला काळजी लागली आहे. माझे प्रश्न असे: हे नेमके काय आहे? त्या पाण्याला हात लावणे, आणि या दिवसांत मासळी खाणे, सुरक्षित आहे का? आणि याचा संबंध प्रदूषणाशी किंवा हवामानाशी खरोखर आहे का? आणखी एक शंका आहे. माझ्या डोळ्यांना तो उजेड जवळपास पांढरट दिसला, पण मोबाईलच्या छायाचित्रात तो गडद निळा आला आहे. असे का व्हावे?

जीवशास्त्र_शिक्षिका

ताई, आपण जे पाहिले त्याला मराठीत जीवदीप्ती म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर ती बहुतेक वेळा नॉक्टिलुका सिंटिलान्स या एकपेशीय जीवामुळे दिसते. या लॅटिन नावाचा अर्थच ‘रात्रीचा लुकलुकणारा दिवा’ असा होतो. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये जुहू आणि देवगडच्या किनाऱ्यांवर, आणि त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर अशा चमकत्या लाटा दिसल्याच्या बातम्या आल्या होत्या. कारखान्यातले रसायन असा उजेड देत नाही. लाट फुटताक्षणी पेटणारा आणि पाणी शांत होताच विझणारा प्रकाश हा जिवंत पेशींचाच असतो.

नॉक्टिलुकाची पेशी एकच असली तरी ती मोठी असते. साधारण पाव मिलिमीटरपासून दोन मिलिमीटरपर्यंत तिचा आकार असल्यामुळे ती साबुदाण्याच्या अगदी बारीक, पारदर्शक कणीसारखी नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकते. तिच्या आत रसाने भरलेली एक मोठी पोकळी असते. पाणी घुसळले गेले की पेशीवर ताण पडतो, पोकळीच्या पटलावरून एक विद्युतलहर धावते, आणि आम्लधर्मी रसातले प्रोटॉन सिंटिलॉन नावाच्या सूक्ष्म कणांत शिरतात. तिथली आम्लता वाढताच ल्युसिफेरेज हे विकर कामाला लागते, ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होतो, आणि सेकंदाच्या दहाव्या भागाएवढाच वेळ टिकणारी एक निळी ठिणगी पडते. आपण पाहिलेली ती धावती रेघ म्हणजे एकामागून एक पेटणाऱ्या अशा असंख्य ठिणग्या होत्या. निळ्याच रंगाचे कारणही समजण्यासारखे आहे, कारण समुद्राच्या पाण्यात निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा दूरवर पोहोचतो. खायला आलेला बारीक जीव त्या झगमगाटाने दचकतो, किंवा त्याच्यावर टपलेल्या मोठ्या माशाला त्याचा ठावठिकाणा कळतो, असे या प्रकाशाचे प्रयोजन मानले जाते. मला स्वतःला दुसरे स्पष्टीकरण फार आवडते: आपल्यावर चोर आला की आरडाओरड करून चोराच्याच शत्रूला बोलावण्यासारखे आहे ते.

छायाचित्राबद्दल आपले निरीक्षण अचूक आहे. अंधारात आपण दृष्टिपटलावरील दंडपेशींनी पाहतो, आणि त्या पेशींना रंग कळत नाहीत. मंद निळा प्रकाश म्हणूनच राखाडी किंवा पांढरट भासतो. मोबाईलचा कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवत राहतो, त्यामुळे त्याला तो रंग सापडतो. दोन्ही दृश्ये खरी आहेत.

मुलीसाठी एक प्रयोग सुचवते. काचेच्या स्वच्छ बरणीत समुद्राचे पाणी भरून घरी आणावे, खोलीत पूर्ण अंधार करावा, डोळे अंधाराला सरावण्यासाठी दहा मिनिटे थांबावे आणि मग बरणी हलकेच हलवावी. सुट्या ठिणग्या मोजता येतील. त्याच जागी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाण्याचा रंगही अवश्य पाहावा. रात्रीच्या झगमगाटापेक्षा दिवसाच्या रंगावरून जास्त कळते. पेशी फार दाटल्या असतील तर पाण्यावर गुलाबी-नारिंगी पट्टे दिसतात. आणि हिरवी नॉक्टिलुका, म्हणजे याच जीवाचा दुसरा प्रकार, असेल तर पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे दिसते.

मढकर

आमचे घर मढच्या कोळीवाड्यात आहे आणि तीन पिढ्या मासेमारीत गेल्या आहेत, म्हणून दोन शब्द लिहितो. हा उजेड आम्हाला नवा नाही. माझे वडील तांडेल, म्हणजे नावेचे प्रमुख, होते. काळोख्या रात्री वल्हे पाण्यात घातले की त्याच्याभोवती उजेड फुटतो आणि डोल, म्हणजे पिशवीसारखे जाळे, वर ओढताना दोऱ्यांवरून तो ओघळतो, हे त्यांनी मला लहानपणीच दाखवले होते. पूर्वी काळोखात थवा कुठून चालला आहे हे पाण्याच्या चमकीवरून ओळखत असत. उलट जाळेच उजळले तर मासा ते पाहून बाजूला होतो, असाही आमचा अनुभव आहे. तेव्हा चमक दिसली म्हणून समुद्र बिघडला, असे मी म्हणणार नाही.

मात्र शिक्षिकाताईंनी दिवसाच्या रंगाबद्दल लिहिले आहे ते फार महत्त्वाचे आहे. पाण्यावर गेरू कालवल्यासारखा पट्टा दिसला आणि त्या पाण्याला कुजका वास येऊ लागला, तर आम्ही तिथे जाळे टाकत नाही. अशा पाण्यात मासा राहत नाही. चमक किती दिवस टिकली, पट्टा किती लांब होता, त्या दिवसांत बोंबील, मांदेली आणि करंदी किती मिळाली, या गोष्टी आमच्या बंदरावरच्या माणसांना तोंडपाठ असतात. पण त्या कोणी लिहून ठेवत नाही आणि विचारायलाही क्वचितच कोणी येते. याची मला मनापासून खंत वाटते.

अरबी_समुद्र_अभ्यासक

हवामानाच्या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चित्रफितींत खऱ्या संशोधनाचा एक तुकडा असतो आणि बाकीचे वाढवलेले असते.

नॉक्टिलुकाचे दोन प्रकार आहेत. लाल नॉक्टिलुकाला स्वतःचे अन्न तयार करता येत नाही; ती डायटम (कवच असलेली एकपेशीय सूक्ष्म शैवाले), इतर सूक्ष्म जीव आणि माशांची अंडीसुद्धा गिळून जगते. हिरव्या नॉक्टिलुकाच्या पोटात मात्र हजारो सूक्ष्म हिरवी शैवाले राहतात. ती सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात आणि यजमानाला देतात. म्हणजे ही दुसरी शिकारही करते आणि घरात शेतीही करते. उत्तर अरबी समुद्राच्या खुल्या भागात हिवाळ्याच्या उत्तरार्धात पूर्वी डायटमचा बहर येत असे. या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांची जागा हिरवी नॉक्टिलुका मोठ्या प्रमाणावर घेऊ लागली. २०१४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात हेल्गा गोम्स, जोआकिम गोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे मांडले की, पृष्ठभागाजवळ येणाऱ्या कमी प्राणवायूच्या पाण्यात हा जीव डायटमपेक्षा चांगला तगतो. याच गटाने २०२० मध्ये पुढचा दुवा जोडला: हिमालय आणि तिबेटच्या पठारावरील बर्फ कमी झाल्यामुळे हिवाळ्यात तिकडून येणारे वारे अधिक उबदार आणि दमट झाले, त्यामुळे समुद्राचा वरचा थर पुरेसा थंड होत नाही, खालचे पोषक पाणी नीट वर घुसळले जात नाही, आणि पोषकद्रव्यांच्या या टंचाईत डायटम मागे पडून, स्वतःची शेती बाळगणारी नॉक्टिलुका पुढे जाते.

मला हा कार्यकारणभाव विचार करण्याजोगा वाटतो, पण तो अंतिम शब्द नाही. भारतीय समुद्रशास्त्रज्ञांना याच समुद्रात भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही हिरवी नॉक्टिलुका आढळली आहे, आणि डायटमच्या कवचाला लागणाऱ्या सिलिकेटची कमतरता हे त्यांना अधिक जवळचे कारण वाटते. दोन्ही बाजूंना काळजी मात्र एकाच गोष्टीची आहे. डायटमना बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्या जीवांना लहान मासे खातात आणि लहान माशांना मोठे. नॉक्टिलुकाला खाणारे जीव मुख्यतः साल्प (जेलीसारखे पारदर्शक समुद्री प्राणी) आणि जेलीफिश आहेत, आणि ते काही आपल्या बाजारात येत नाहीत. अन्नसाखळी अशी आडवाटेला वळली, तर त्याची झळ मढकर दादांच्या जाळ्यापर्यंत पोहोचू शकते.

आता मुंबईच्या किनाऱ्याबद्दल. खुल्या समुद्रातले निष्कर्ष वर्सोव्याच्या एका रात्रीवर जसेच्या तसे लावू नयेत. शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस किनाऱ्याच्या पाण्यात येतात, त्यावर सूक्ष्म वनस्पती फोफावतात आणि त्यांच्यावर लाल नॉक्टिलुका पोसली जाऊ शकते. त्यामुळे सांडपाण्याचा हातभार शक्य आहे. पण पावसाळ्यानंतर नद्यांनी आणलेली आणि प्रवाहांनी वर आणलेली पोषकद्रव्येही तेच काम करतात, आणि केवळ लाट चमकली यावरून यातला वाटा ठरवता येत नाही. त्यासाठी पाण्याचे नमुने, पेशींची मोजणी आणि अनेक वर्षांच्या नोंदी लागतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राची माहिती पुरवणारी सरकारी संस्था उपग्रहांनी टिपलेल्या समुद्राच्या रंगावरून शैवालबहराची माहिती देते. परंतु किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यात उपग्रहाची नजर कमी पडते, आणि तिथे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाची नोंद मोलाची ठरते.

अंधेरीतला_डॉक्टर

आरोग्याच्या प्रश्नांपुरते लिहितो. नॉक्टिलुका माणसाला बाधेल असे विष तयार करत नाही. तिच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो, म्हणून दाट बहरात माशांना त्रास होऊ शकतो, आणि नाजूक त्वचेला थोडी जळजळ होणेही शक्य आहे. पाय भिजले एवढ्याने घाबरू नये. घरी येऊन साबण आणि स्वच्छ पाण्याने धुतले की पुरे. खरचटलेल्या जागेची काळजी मी चमकीपेक्षा सांडपाण्यामुळे अधिक घेईन, कारण शहराजवळच्या समुद्राच्या पाण्यात जखमेला संसर्ग करणारे जिवाणू असू शकतात. जखमेभोवती लाली पसरली, सूज किंवा वेदना वाढली, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

मासळी खाण्यास नॉक्टिलुकामुळे हरकत नाही. ताजी असावी, एवढेच. सावधगिरी बाळगायची ती तिसऱ्या, कालवे आणि खुबे या शिंपल्यांबाबत. पाणी रंगलेले असेल तर तो बहर कोणत्या जीवाचा आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही, आणि या कुळातले काही दुसरे जीव चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष तयार करतात. शिंपल्यातले प्राणी पाणी गाळून अन्न घेतात, त्यामुळे ते विष त्यांच्यात साठते आणि शिजवल्याने नष्ट होत नाही. अशा विषबाधेच्या घटना तमिळनाडूत १९८१ मध्ये आणि मंगळूरजवळ १९८३ मध्ये झालेल्या आहेत. म्हणून पाण्याला रंग असेल तेव्हा खडकांवरून स्वतः कालवे काढून खाऊ नयेत. खाल्ल्यानंतर ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, तर वाट न पाहता रुग्णालयात जावे.

सातबंगला_रहिवासी

सर्वांचे मनापासून आभार. मुलीची जखम बरी झाली आहे. आम्ही बरणीचा प्रयोग चार रात्री केला. पहिल्या रात्री तिने चाळीसपर्यंत ठिणग्या मोजल्या आणि पुढे तिला मोजणे जमेना. चौथ्या रात्री त्याच बरणीत, त्याच जागेवरून आणलेल्या पाण्यात फक्त सात मिळाल्या. सकाळच्या पाण्याला एकाही दिवशी रंग नव्हता, वासही नेहमीचाच होता. तिच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली बाईंनी एक थेंब दाखवला, तेव्हा पारदर्शक गोळा आणि त्याला फुटलेला एकच शेपटीसारखा तंतू स्पष्ट दिसला. तारीख, वेळ, भरती आणि ठिणग्यांची संख्या तिने वहीत लिहिली आहे, आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील जीवांची नोंद ठेवणाऱ्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या मंडळींप्रमाणे आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर छायाचित्रासह नोंदही केली आहे.

मढकर दादा, तिने वहीत एक रकाना आपल्यासाठी मोकळा ठेवला आहे. या चार दिवसांत आपल्याकडे चमक होती का, आणि जाळ्यात काय आले, हे कळवाल का?

मढकर

पहिले दोन दिवस चमक होती, तिसऱ्या दिवशी फार थोडी होती आणि काल रात्री डोल ओढताना अजिबात नव्हती. पट्टा कुठेच दिसला नाही. पहिल्या रात्री बोंबील कमी आला. काल करंदी दोन टोपल्या आणि मांदेली एक टोपली मिळाली. पुढच्या अमावास्येपासून मी रोजचे लिहून ठेवीन आणि मुलीला कळवीन.