ठाण्याच्या पावसात १/७२ हरिकेन: आत्ता रंगवू की दसऱ्यापर्यंत थांबू?

वसंतविहारी:
नमस्कार मंडळी. ठाण्यात राहतो, वन बीएचके, बाल्कनीला ग्रिल आणि ग्रिलवर कायम वाळत घातलेले कपडे, जुलै चालू आहे त्यामुळे ते वाळतच नाहीत हा भाग वेगळा. कॉलेजात असताना विमानांच्या प्लास्टिक मॉडेलची किट्स बनवायचो, मग नोकरी लग्न लोकल यात सुटलं ते सुटलंच. आता भाच्याने बाहेरून येताना हॉकर हरिकेन मार्क टू सी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, आणून दिलंय, १/७२ स्केल, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, आणि डबा उघडल्यापासून हात शिवशिवतायत. डब्यातली मार्किंग्ज ब्रिटिश स्क्वाड्रनची आहेत पण मला ते आपल्या हवाई दलाच्या नंबर वन स्क्वाड्रनचं करायचंय, १९४४ ची इंफाळची लढाई, अर्जनसिंग सीओ (कमांडिंग ऑफिसर) होते तेव्हाचं.

अडचण अशी की एअरब्रश (हवेने रंग फवारायचा पेन) नाही आणि घ्यायचाही नाही, घरात आईला दम्याचा त्रास आहे त्यामुळे थिनर, स्प्रे कॅन असलं काही घरात फवारता येणार नाही. म्हणजे ब्रशच. आणि हवा ही अशी, कपाटातल्या चपलांना बुरशी येतेय. ऑफिसमधला एकजण म्हणाला पावसाळ्यात रंगाला हात लावू नको, डबा बंद करून दसऱ्यानंतर उघड. खरंच थांबावं लागेल का? आणि भारतीय हरिकेनचे रंग नक्की कुठले, नेटवर प्रत्येक फोटोत वेगळंच दिसतं. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कळवा_फास्ट:
थांबा. दसरा कशाला, दिवाळीनंतरच हात लावा. पावसात मॅट वार्निशचा कॅन मारला की सगळ्या विमानावर पांढुरकी साय धरते, महिन्याची मेहनत पाण्यात. तोपर्यंत डब्यावरचं चित्र बघा, छान असतं.

नेरुळ_पूर्व:
कळवा_फास्ट यांचं कॅनबद्दल बरोबर आहे पण त्यावरून सगळा पावसाळा बाद करायची काही गरज नाही. ती साय का येते बघा, कॅनमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं, उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि आपल्याकडच्या ओल्या हवेतली वाफ तिथेच धरते, वार्निश सुकायच्या आत पाणी त्यात अडकतं. हा सगळा स्प्रेचा आणि लॅकरचा घोळ आहे. तुम्ही ब्रशने पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक लावणार, त्याला ओल्या हवेने एवढंच होतं की सुकायला वेळ लागतो. उलट ब्रशवाल्याला ते बरंच असतं, रंग ब्रशवरच गोंदासारखा होत नाही, पसरायला वेळ मिळतो आणि रेघा आपोआप बसतात. मे महिन्यात पंख्याखाली बसून ब्रशने रंगवून बघा म्हणजे कळेल.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही. आपल्याकडे दिवाळीनंतर धूळ किती असते? घोडबंदर रोडच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा, मेट्रोचं काम, डंपर, खिडकी उघडली की टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. ओल्या रंगात ती धूळ बसली की काढता येत नाही. पावसाळ्यात हवा धुतलेली असते. मी तर मोठी रंगकामं जुलै-ऑगस्टलाच काढतो.

मात्र काही पथ्यं पाळा. पार्ट्स फ्रेमवर असतानाच भांड्याच्या लिक्विडने धुवा, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं आणि वर आपला घाम. धुतल्यावर पूर्ण सुकू द्या, खाचांत पाणी राहतं. प्राइमर ब्रशने लावायचा मिळतो, तो लावाच, नाहीतर पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक नखाने सुद्धा निघतं. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या आणि दोन हातांमधे रात्र जाऊ द्या. तमिया कंपनीचं अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलवालं आहे, ब्रशने दुसरा हात मारताना खालचा उचकटतं, त्यामुळे ब्रशला व्हॅलेहो कंपनीचं बरं. शेवटचा मॅट हात सुद्धा ब्रशनेच, पाण्यावरच्या वार्निशचा, म्हणजे आईंना त्रास नाही आणि साय पण नाही.

रिवेटमोजणी:
रंगांवर आलो. तुम्ही १९४४ म्हणताय म्हणजे काम सोपं आहे आणि मजेशीर पण. वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे. तमियात डार्क ग्रीनला एक्सएफ-८१, ग्रेला एक्सएफ-८३, आणि डार्क अर्थला जवळचा म्हणजे एक्सएफ-५२, पण तो जरा वेगळा पडतो. हम्ब्रोल कंपनीचा २९ नंबर हा सरळ डार्क अर्थच आहे. व्हॅलेहोवाले त्यांच्या तक्त्यात याच नावांनी शोधा.

खरी गंमत राउंडेलमधे आहे, म्हणजे पंखांवर आणि धडावर असते ती देशाची गोल खूण. डब्यातले लाल-पांढरे-निळे राउंडेल तुमच्या कामाचे नाहीत. जपानी विमानांवर लाल गोळा, आणि घाईत लांबून आपला लाल ठिपका बघून आपलेच लोक गोळ्या घालतील म्हणून या ब्रह्मदेश आघाडीवर दोस्त राष्ट्रांच्या विमानांवरून लाल रंगच काढून टाकला. त्यामुळे बाहेरून गडद निळा आणि मधे फिकट निळा, बस. शेपटीवरच्या पट्ट्याला पण तोच नियम. तुमच्या हरिकेनवर लाल रंगाचा टिपूस दिसला तर ते इंफाळचं विमान नाही.

अजून एक. टू सी म्हणजे चार २० मिलिमीटरच्या तोफा. पण वन स्क्वाड्रनचं इंफाळचं मुख्य काम टॅक्टिकल रेकॉनिसन्स, म्हणजे खाली उडून जपानी कुठे आहेत ते बघून येणं. त्या कामावरच्या काही हरिकेनमधून वजन कमी करायला तोफा काढलेल्या असायच्या. त्यामुळे आधी एक ठराविक विमान निवडा, त्याचा फोटो समोर ठेवा आणि मगच चिकटवायला घ्या. नाकाखाली व्होक्स फिल्टरची (इंजिनात धूळ जाऊ नये म्हणूनची) ती हनुवटी आहे का तेही फोटोतच बघा, किटमधे दोन्ही पर्याय असू शकतात.

आणि स्टँडवर पाटी लावणार असाल तर फक्त इंडियन एअर फोर्स लिहा. रॉयल ही उपाधी १९४५ ला मिळाली.

कळवा_फास्ट:
रिवेटमोजणी साहेब, माणूस इतक्या वर्षांनी किट उघडतोय आणि तुम्ही त्याला तोफा मोजायला लावताय :)

रिवेटमोजणी:
आयडी वाचला नाही का माझा?

खारघरची_मनी:
राउंडेलचा जुगाड सांगते, वेगळी डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चित्रं) मागवायच्या भानगडीत पडू नका. या आघाडीवर बऱ्याच फायटर्सवर १६ इंची छोटे राउंडेल होते, १/७२ ला ते साडेपाच मिलिमीटरच्या जरा वर येतं. आणि ऑफिसातलं साधं पंचिंग मशीन किती मिलिमीटरचं भोक पाडतं? सहा! कोऱ्या डेकल पेपरवर गडद निळा रंग लावायचा, सुकला की पंचिंग मशीनने गोळे पाडायचे, एकदम गोल येतात, हाताने कापून असे कधी येणार नाहीत. मधला फिकट ठिपका टूथपिकच्या बोथट टोकाने. मशीन उलटं धरा म्हणजे खालून भोकातून दिसतं नेमकं कुठे पंच होतंय. अर्ध्या मिलिमीटरचा फरक रिवेटमोजणींनाच दिसेल, बाकी पाहुण्यांना नाही. डेकल पेपर नसला तर पातळ मास्किंग टेपवर पण जमतं पण कड जाड दिसते.

डेकल लावायच्या आधी त्या जागी ग्लॉसचा हात द्या. मॅटवर लावलं की खाली हवा अडकते आणि कडेने चांदी चमकते. डेकलची शीट तोपर्यंत झिपच्या पिशवीत सिलिका जेल टाकून ठेवा, नवीन बुटांच्या खोक्यात येतात त्याच पुड्या. आमच्याकडे खारघरला डोंगरातून जो ओलावा येतो ना त्यात कागद दोन दिवसांत मऊ पडतो.

वेट पॅलेट (रंग सुकू न देणारी ओली पाटी) वगैरे व्हिडिओत बघाल, त्याची आत्ता गरज नाही. ऑक्टोबरमधे मात्र डब्याच्या झाकणात ओला टिश्यू आणि वर बटर पेपर, झालं वेट पॅलेट.

वसंतविहारी:
अरे वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवलीय. पंचिंग मशीन ऑफिसातून एका रात्रीसाठी घरी आणावं लागेल, ते सिक्युरिटीला काय सांगायचं बघतो.

दोन शंका. कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) कशाने चिकटवू, घरात फेविक्विक आहे. आणि वेदरिंगसाठी, म्हणजे विमान वापरून जुनं झालेलं दिसावं म्हणून, व्हिडिओत सगळे स्पंजने चांदीचे टवके दाखवतात, तसे पूर्ण विमानभर मारू का? इंफाळचं विमान म्हणजे चांगलं रापलेलं हवं ना.

जांभळीनाका:
कॅनॉपीला फेविक्विक अजिबात नको, कुठलाही सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते आणि ती पुसता येत नाही. आपलं पांढरं फेविकॉल घ्या, टूथपिकने कडेला लावा, सुकलं की पारदर्शक. चुकलं तर ओल्या कापसाने पुसून परत लावता येतं. फेविकॉल ओल्या हवेत सुकायला सुस्त असतं, तेवढी रात्रभर टेप लावून ठेवा. हरिकेनच्या कॅनॉपीला फ्रेमचे गज भरपूर, ते हाताने रंगवत बसू नका, टेप रंगवून त्याच्या बारीक पट्ट्या कापून चिकटवा.

सामान म्हणाल तर ब्रश, टेप, पॉलिश पेपर हे सगळं आमच्या नाक्यावर हार्डवेअर आणि स्टेशनरीत मिळतं, हजार-दीड हजार नंबरचा पॉलिश पेपर मागा, गाडीच्या रंगकामवाले तोच वापरतात. रंग मात्र ऑनलाइनच. पुढचं किट मागवताना ड्युटी धरून हिशोब करा, २०२० ला खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०, आणि सरकारच्या लेखी तुमचं हरिकेन हे खेळणंच. भाच्याला पुढच्या खेपेची यादी आत्ताच देऊन ठेवा. यात चीड याची येते की मधली काही वर्षं एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचे बरेच डबे भारतातच बनत होते, खोक्यावर मेड इन इंडिया छापलेलं असायचं. फक्त एक, स्वस्तात मिळतंय म्हणून एअरफिक्सचा हरिकेन स्टार्टर सेट जोडीला घ्याल तर ते मार्क वन आहे, आठ मशीनगनवालं, त्याचं टू सी होणार नाही.

रिवेटमोजणी:
वेदरिंगबद्दल, पूर्ण विमानभर चांदी मारली तर मी ठाण्याला येऊन उठवेन! हरिकेनचं मागचं अर्धं धड धातूचं नाहीच. कॉकपिटच्या मागे आत नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून डोप (कापड ताणून घट्ट करणारं वार्निश) मारलेलं कापड. किटवर बोट फिरवून बघा, मागच्या भागात उभ्या फासळ्या लागतील, त्या कापडाखालच्या पट्ट्या आहेत. कापडाचा रंग उडाला तर खाली चांदी कुठून दिसणार? टवके फक्त पुढच्या भागात, इंजिनाच्या पत्र्यांच्या कडेला, आणि डाव्या पंखाच्या मुळाशी जिथून पायलट चढतो तिथे. रडर, एलेव्हेटर, एलेरॉन हे शेपटीचे आणि पंखांचे हलते भाग, तेही कापडीच. मागच्या भागाला फक्त रंग फिका करा, मूळ रंगात थोडा बफ (फिकट पिवळट) मिसळून पट्ट्यांच्या मधे पातळ हात.

धूर मात्र मोकळ्या हाताने दाखवा, एक्झॉस्टपासून मागे कॉकपिटच्या खालपर्यंत काळपट-करडा पट्टा. त्यासाठी पेस्टलचा खडू पॉलिश पेपरवर घासून पूड करा आणि कोरड्या ब्रशने लावा, रंगापेक्षा बरा दिसतो आणि वास पण नाही. चाकांना चिखल हवाच, जूनमधे तिथे पावसाळा सुरू झाला होता आणि इंफाळभोवतीचा जपान्यांचा वेढा अजून उठायचा होता, कोहिमाचा रस्ता २२ जून १९४४ ला उघडला. तोपर्यंत खोऱ्यात जे यायचं ते विमानानेच.

वसंतविहारी:
म्हणजे त्यांनी भर पावसात विमानं उडवली आणि मी रंगवायला दसऱ्याची वाट बघत होतो. ठीक, आज रात्री पार्ट्स धुतो. वन स्क्वाड्रनचा स्पष्ट फोटो, बाजूने काढलेला, कोणाकडे असेल तर लिंक द्या, भारत रक्षक साइटवर शोधतोच आहे पण तोफा नीट दिसतील असा अजून सापडला नाही.

कळवा_फास्ट:
पार्ट्स सिंकमधे धुऊ नका, छोटे तुकडे जाळीतून जातात. चाळणी घ्या, चहाची नको, घरात भांडणं होतील.