तापाचं औषध चुकून दोनदा दिलं गेलं. तुम्ही घरी नोंद कशी ठेवता?

ओवीची आई:
परवापासून जीव थाऱ्यावर नाही. ओवी दीड वर्षाची, वजन 10 किलो. ताप 102. सासूबाईंनी पावणेआठला पॅरासिटामॉल पाजलं. मी ऑफिसातून आले, अंग चटका बसेल इतकं गरम, म्हणून सव्वाआठला पुन्हा 5 मिली दिलं. तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अगं, मी दिलंय की!" हातपायच गळाले. लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बाटलीवरचा आकडा वाचायला लावला: 5 मिलीत 125 मिग्रॅ. म्हणाले, घाबरू नका, पण मी सांगेपर्यंत पुढचा डोस नाही. आईंना मी दोष देत नाही, दिवसभर त्याच तिला सांभाळतात. पण मोबाइलवर लिहिणं त्यांना जमत नाही. काय करू?

जुळ्यांची आजी:
फ्रिजवर कालनिर्णय आणि दोऱ्याने बांधलेलं पेन. एका नातवाचं निळ्याने, दुसऱ्याचं लाल. बाटलीचं झाकण लावायच्या आधी, ज्याने पाजलं त्यानेच वेळ लिहायची. "मग लिहिते" म्हटलं की राहिलंच. मुलाने ओकलं तर तेही लिहा.

मेडिकलवाला:
वेळेसोबत आकडाही लिहा. ड्रॉप्स म्हणजे सौम्य औषध असं लोकांना वाटतं. उलट आहे. त्यात बहुधा 1 मिलीतच 100 मिग्रॅ असतं. सिरपच्या हिशेबाने 5 मिली ड्रॉप्स दिले तर 500 मिग्रॅ पोटात जाईल! डोस वजनावर ठरतो, किलोला 10 ते 15 मिग्रॅ, आणि दोन डोसांत किमान 4 ते 6 तास. सर्दीच्या काही औषधांतही पॅरासिटामॉल असतं, लेबल वाचा. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचं मापच वापरा.

ओवीची आई:
काल कपाट उघडलं तर तीन बाटल्या निघाल्या! एक 250 ची, पुतण्याची उरलेली. ती आणि ड्रॉप्स बाजूला काढले. 125 ची एकच ठेवली, मापाच्या पिचकारीवर 5 च्या रेघेला लाल नेलपॉलिश लावलं, आईंना चष्म्याशिवायही दिसतं. आज पहिली नोंद त्यांनीच केली: "दु. 2.10, 5 मिली, निम्मं थुंकली." थुंकलं तेवढं परत द्यायचं का?

मेडिकलवाला:
अंदाजाने भर घालू नका. किती पोटात गेलं ते आपल्याला कळत नाही. डॉक्टरांना फोन करा, आईंनी लिहिलेलं वाचून दाखवा.