फोर-हायमध्ये वळताना गाडी ब्रेक लागल्यासारखी अडते, हे स्वाभाविक आहे का?

मुरूमवाट (प्रश्न):
नमस्कार. मी नुकतीच पार्ट-टाइम फोर बाय फोर (म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकांना शक्ती देता येणारी) एक वापरलेली डिझेल गाडी घेतली आहे. आमची शेती पाटण तालुक्यात डोंगरउतारावर आहे आणि पावसाळ्यात शेताकडे जाणारा शेवटचा तांबड्या मातीचा चढ साध्या गाडीला चढत नाही, म्हणून ही खरेदी केली. पाऊस सुरू होण्यापूर्वी सगळे नीट चालते का, हे पाहावे म्हणून घराजवळच्या काँक्रीटच्या आवारात लिव्हर फोर-हायला (चारही चाकांना शक्ती, नेहमीचा वेग) टाकून स्टीअरिंग पूर्ण वळवले, तर गाडी कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी अडू लागली. स्टीअरिंग जड झाले, टायर घासल्याचा आवाज आला आणि मागून एक-दोन दणके बसले. त्यानंतर लिव्हर टू-हायला (फक्त दोन चाकांना शक्ती) परत येईना. गाडी थोडी मागे घेतल्यावर ‘खट्’ असा आवाज होऊन ते सुटले. जवळच्या गॅरेजमध्ये ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटणारी गिअरपेटी) उघडावा लागेल असे सांगितले आहे. माझ्या मित्राच्या ऑल व्हील ड्राइव्ह डस्टरमध्ये असे काहीही जाणवत नाही. अशी गाडी चालवताना नेमके काय जाणवायला हवे आणि काय जाणवता कामा नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटमाथा:
आपण वर्णन केलेले प्रत्येक लक्षण काँक्रीटवर अपेक्षितच आहे. केवळ एवढ्यावरून ट्रान्सफर केस उघडण्याची घाई करू नका.

पार्ट-टाइम व्यवस्थेत पुढच्या आणि मागच्या आसाच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअररचना, नसते. लिव्हर फोर-हायला गेला की ट्रान्सफर केस पुढचा व मागचा प्रोपेलर शाफ्ट (आसापर्यंत शक्ती नेणारा दांडा) एकमेकांना घट्ट जोडतो आणि दोन्ही शाफ्टना एकाच वेगाने फिरावे लागते. वळताना मात्र पुढची चाके मागच्या चाकांपेक्षा मोठ्या वर्तुळावरून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचे असते. याचा अंदाज यावा म्हणून पाच दारांच्या जिम्नीचे उदाहरण घेऊ. तिचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या आसांतील अंतर) २५९० मिलिमीटर आणि किमान वळणत्रिज्या ५.७ मीटर आहे. स्टीअरिंग पूर्ण वळवून काटकोनात वळले, तर मागच्या आसाचा मध्य सुमारे ६.९ मीटर जातो आणि पुढच्या आसाचा सुमारे ८ मीटर. एका वळणात १.१ मीटरचा हा फरक म्हणजे टायरचा जवळपास अर्धा फेरा होतो. शाफ्ट जोडलेले असल्याने हा फरक कुठेतरी जिरावाच लागतो. चिखलात, वाळूत, सैल मुरुमात टायर किंचित घसरतात आणि तो तिथल्या तिथे जिरून जातो, चालकाला पत्ताही लागत नाही. काँक्रीटवर टायर घसरायला तयार नसतात, त्यामुळे शाफ्ट, गिअर आणि अ‍ॅक्सल पीळ घातलेल्या दोरासारखे ताणले जातात. गाडी अडते ती या ताणामुळे. ताण असह्य झाला की एखादा टायर क्षणभर उचलल्यासारखा होऊन सरकतो. आपल्याला बसलेले दणके तेच होते. लिव्हर अडकला त्याचेही कारण हेच आहे, कारण ताणाखाली असलेले दात एकमेकांवर इतके दाबले जातात की सरकणारी कडी निघत नाही. गाडी मागे घेतल्यावर पीळ उलगडला आणि कडी सुटली. पुढेही असे झाल्यास लिव्हरशी झटापट करू नये. स्टीअरिंग सरळ करून काही मीटर मागे यावे आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडून लिव्हर हलक्या हाताने ओढावा.

डस्टरशी तुलना येथे लागू पडत नाही. तिच्या ऑटो मोडमध्ये मागची चाके गरजेपुरती एका विद्युतचुंबकीय क्लचने जोडली जातात आणि तो क्लच वळणावर सैल होऊ शकतो. प्राडोसारख्या फुल-टाइम गाडीत दोन आसांच्या मध्ये आणखी एक डिफरन्शियल असते, म्हणून ती डांबरावरही चारही चाकांवर निवांत वळते. पार्ट-टाइम गाडी जास्त कणखर आणि दुरुस्तीला सोपी असते, असे माझे मत आहे. मात्र तिला टणक कोरड्या रस्त्यावर फोर-हायमध्ये चालवायचे नाही, ही अट पाळावीच लागते.

खरे तर मला उलट परिस्थितीची जास्त काळजी वाटली असती. फोर-हायला टाकून काँक्रीटवर पूर्ण वळण घेतले आणि गाडी टू-हायसारखीच मऊ वळली, तर पुढचा आस जोडलाच गेलेला नाही अशी शंका घ्यावी.

जांभाखडक:
वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. मी फक्त फोर-लोबद्दल (चारही चाकांना शक्ती, पण वेग कमी आणि जोर जास्त) लिहितो, कारण आपल्या चढावर खरे काम त्याचेच असेल.

फोर-लो घालताना गाडी थांबवावी, क्लच पूर्ण दाबावा आणि लिव्हर एका दमात न्यावा. दात जुळले नाहीत तर गाडी हातभर पुढे सरकू देऊन पुन्हा प्रयत्न करावा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडल्यावर गाडीने अ‍ॅक्सिलरेटरशिवाय माणसाच्या चालीने निघायला हवे. इंजिनाचा आवाज मोठा आणि वेग अगदी थोडा, हे बरोबर आहे. उतारावर ब्रेकला हात न लावता इंजिनच गाडी रोखून धरते, म्हणून तेथे क्लच दाबू नये. दाबलात तर तो आधार त्याच क्षणी जातो आणि ओल्या मातीवर ऐनवेळी ब्रेक मारल्यास चाके जाम होऊन गाडी आडवी जाऊ शकते. चढावर क्लच अर्धवट धरून ठेवण्याची सवयही सोडावी लागते, आणि फोर-लोमध्ये तशी गरजही उरत नाही.

आणखी एक गैरसमज फार आढळतो. चारही चाकांना शक्ती मिळते याचा अर्थ चारही चाके ओढतातच असा नाही. पुढचे एक आणि मागचे तिरके दुसरे चाक हवेत लटकले, तर साध्या डिफरन्शियलमुळे तीच दोन चाके गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. डिफरन्शियल लॉक (आसाची दोन्ही चाके एकत्र जखडणारी सोय) नसेल तर अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर तुडवून उपयोग नाही; थोडे मागे येऊन वाट बदलावी.

मुरूमवाट:
दोघांचेही मनापासून आभार. आज मुरुमाच्या वाटेवर तपासणी केली. वळणे बरीच सुलभ झाली, लिव्हरही सहज निघाला. मात्र परत येताना घाईत टू-हाय करायचे राहिले आणि डांबरी रस्त्यावर सरळ जातानाही थोड्या अंतरानंतर तोच जडपणा जाणवू लागला. पुढचे दोन टायर आधीच्या मालकाने नवे बसवलेले आहेत आणि मागचे बरेच झिजलेले आहेत, याचा काही संबंध असू शकेल का? तसेच पावसात ओल्या घाटरस्त्यावर फोर-हाय ठेवावे का?

घाटमाथा:
संबंध निश्चित आहे. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या नक्षीत ३ मिलिमीटरचा फरक असेल, तर व्यासात ६ मिलिमीटरचा पडतो. साधारण ६९० मिलिमीटर व्यासाच्या टायरला तो एक टक्क्याच्या आसपास जातो, म्हणजे १ किलोमीटर सरळ गेले तरी हिशेबाने पुढच्या आणि मागच्या टायरमध्ये ८-९ मीटरची तफावत साठते. वळण न घेताही पीळ का भरला, याचे बहुधा हेच उत्तर आहे. चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले असावेत, शिवाय हवा पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरलेली असावी. माझ्या मते आपला पहिला खर्च येथे व्हायला हवा.

घाटात पावसाचे पाणी वाहणाऱ्या पण स्वच्छ डांबरावर टू-हायच ठेवा. ओल्या डांबरालाही बरीच पकड असते, त्यामुळे नागमोडी वळणांवर पीळ भरतो आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे नेमकी दरीकडे किंवा समोरून येणाऱ्या वाहनाकडे ढकलली जाण्याचा कल वाढतो. चारही चाके ओढत असल्यामुळे ब्रेक लवकर लागतात, ही समजूत तर धोकादायक आहे. थांबण्याचे अंतर टायर आणि रस्ता ठरवतात. दरड कोसळून तांबडी माती रस्त्यावर पसरली असेल, तर त्या पट्ट्याच्या अलीकडे स्टीअरिंग सरळ असताना फोर-हाय घ्या आणि पट्टा संपला की लगेच काढा.

गॅरेजबद्दल एवढेच सुचवतो की, ट्रान्सफर केस उघडण्याआधी त्याचे तेल स्वच्छ भांड्यात काढायला सांगा आणि स्वतः समोर उभे राहून पाहा. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर बारीक करड्या भुकटीचा लेप असणे नेहमीचेच आहे. नवे तेल भरून गाडी चालवा. बोटाला टोचतील असे धातूचे कपचे निघाले, तर मात्र तो उघडायलाच हवा.