नोकरी सोडून फ्रीलान्सिंग + स्वतःचं सॉफ्टवेअर: करारातल्या कलमावर अडलोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

हिंजवडीत नोकरी, एकूण अनुभव १२ वर्षं, सध्याच्या कंपनीत सव्वाचार. जावा आणि पोस्टग्रेसवर पोट चालतं. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता ४१ हजार, मुलगी दुसरीत. नोकरी सोडून आठवड्यातले तीन दिवस फ्रीलान्सिंग आणि उरलेले स्वतःचं सॉफ्टवेअर, असा बेत आहे. सोडू की नको हे विचारत नाहीये, त्याचं घरी पुरेसं चर्वितचर्वण झालंय.

सॉफ्टवेअर दूध संकलन केंद्रांसाठी आहे. कराडजवळ मामांचं केंद्र आहे. सकाळी साडेसहाला रांग लागते. नमुना मशीनमध्ये घातला की फॅट ३.८, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ८.४ असे आकडे येणार, पोरगा ते वहीत उतरवणार आणि मग दरपत्रकावर बोट फिरवत दर शोधणार. बिलं दर दहा दिवसांनी. त्या रात्री मामा कॅल्क्युलेटर घेऊन दीड वाजेपर्यंत जागे. गेल्या दिवाळीत मी मशीनची सिरियल केबल जुन्या लॅपटॉपला जोडली आणि आकडे थेट उतरवून घेतले. दहा दिवसांची बेरीज वहीशी जुळली, फरक फक्त एका सभासदाच्या ४० रुपयांचा, आणि चूक वहीची निघाली! मामा काही बोलले नाहीत, चहा सांगितला. (वही अजून चालूच आहे, ते सोडा.) आता आजूबाजूच्या तीन गावांतली केंद्रं हेच वापरतात, पण पैसे मी एकाकडूनही घेतलेले नाहीत.

कारण नेमणूकपत्रातलं कलम. नोकरीच्या काळात कर्मचाऱ्याने बनवलेली कुठलीही संगणकप्रणाली कंपनीची, असं त्यात आहे. ऑफिसच्या वेळेत की बाहेर, काही उल्लेख नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं, एवढंच धरलंय. हे कलम त्याच्या बरंच पुढे जातं. लॅपटॉप माझा, काम शनिवार-रविवारचं. पण गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, दोन-तीन कमिट (नोंदवलेले बदल) मंगळवारी दुपारी तीनचे, म्हणजे ऑफिसच्या वेळेतले आहेत. आकडे येणं बंद पडलं होतं, मामांचा फोन आला, काय करणार?

आता एचआरकडून लेखी ना-हरकत मागावी, की तसं करणं म्हणजे आग्यामोहोळावर दगड मारणं? की गुपचूप बाहेर पडून सगळं पहिल्यापासून नव्याने लिहावं? कुणी प्रत्यक्ष यातून गेलं असेल तर सांगा. वकिलाकडे जाणारच आहे, पण काय विचारायचं ते तरी कळू दे.

दुसरं, ग्रॅच्युइटी. बेसिक ६० हजार, म्हणजे पाच वर्षं भरली तर पावणेदोन लाखांच्या आसपास मिळतील. नोटीस ९० दिवसांची, म्हणजे अजून सहा महिने थांबून राजीनामा दिला तरी जमतं. मित्र म्हणतात एवढ्यासाठी थांबू नकोस. मित्रांचे हप्ते फिटलेत.

आई कंपनीच्या ग्रुप विम्यात आहे, तिला मधुमेह आहे. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं हे माहीत आहे. पण आधीची वर्षं धरून मधुमेहाचा प्रतीक्षाकाळ (आधीपासूनच्या आजारावर विमा लागू होत नाही तो सुरुवातीचा काळ) खरंच कमी करून मिळतो का, आणि अर्ज नोकरी सुटण्याच्या किती आधी टाकावा? कराचं आणि जीएसटीचं सीए बघतोय, त्यात नका शिरू.

शेवटचं, दोन्ही करणाऱ्यांना. फ्रीलान्सिंगच्या गिऱ्हाइकाचा फोन आज येतो, प्रॉडक्टचं काम उद्यावर ढकललं तर कुणी ओरडत नाही. दिवस वाटून घेता की महिने? तीन-दोनचं गणित माझं कागदावरचं आहे. मामांचं म्हणणं वेगळंच: "मशीनवाला सॉफ्टवेअर फुकट देतोय, तुला कोण पैसे देणार?" त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.

कलम कुणाला वाचायचं असेल तर कंपनीचं नाव गाळून इथे टंकतो.